लाल अंडं आणि तटाची वीट

“हाण ना! घाबरतेस काय?” निकिफोरोस ओरडला.

ईस्टरचा आठवडा होता. शाळेला सुट्टी, सगळ्या कॉन्स्टँटिनोपलभर घंटांचा दणदणाट, आणि पश्चिमेच्या तटाखाली तिघांची ईस्टरच्या लाल अंड्यांची टक्कर रंगात आलेली! ज्याचं फुटेल तो हरला. निकिफोरोसचं अंडं केव्हाच फुटलं होतं. छोट्या प्रोद्रोमोसचं तर फुटून त्याच्या पोटातही गेलं होतं. आंथूसाचं मात्र शाबूत!

“आता माझ्याशी टक्कर द्यायला उरलंय कोण?” आंथूसा तोऱ्यात म्हणाली.

“तट आहे की! हजार वर्षं उभा आहे. होऊन जाऊ दे!” निकिफोरोस म्हणाला.

आंथूसाने बुरुजाच्या लाल विटांच्या पट्ट्यावर अंडं आपटलं. टक्!

अंडं फुटलं नाही. वीट फुटली!

तिघंही बघतच राहिले. निकिफोरोसने नखाने खरवडलं, तर गिलाव्याची खपली हातात आली आणि मागून भुसा मिसळलेली माती गळायला लागली. “अगं, या विटा नाहीतच! कुंचल्याने काढल्यात!”

प्रोद्रोमोस खो खो हसला. आंथूसाला हसू आलं नाही. भूकंपात पडलेला हा बुरुज मागच्याच वर्षी पुन्हा बांधला होता, आणि रोज भाला घेऊन त्याच्यावर पहारा करायचे ते तिचे बाबा होते. तुर्कांच्या सुलतानाच्या तोफा आल्या तर बाबा उभे राहणार कशावर? चिखलावर?

बुरुजावर एक पाटी होती. ‘थिओदोरितोसाने उभारला.’ नाव तेवढं खऱ्या संगमरवरात होतं.

तिघं धावत थिओदोरितोस साहेबांकडे गेले. साहेब द्राक्षाच्या मांडवाखाली कोकराच्या भाजलेल्या तंगडीशी झुंजत होते. त्यांनी सगळं ऐकलं, बोटं चाटली आणि म्हणाले, “घरी जा, बाळांनो. तटाचं मोठी माणसं बघतील.”

“म्हणजे कुणीच बघणार नाही,” बाहेर पडल्यावर प्रोद्रोमोस पुटपुटला.

पण साहेबांनी बघितलं! संध्याकाळी मुलं तटाशी परत आली तोवर भोक लिंपून वर लाल रंगही फासला होता.

“त्यांना ठाऊक आहे!” आंथूसा दात-ओठ खात म्हणाली. “ठीक आहे. उद्या मिरवणूक इथूनच जाणार ना? मग बघते!”

दुसऱ्या दिवशी देवमातेची तसबीर खांद्यावर घेऊन मिरवणूक तटाखाली आली. पुढे बिशप, मागे म्हातारे सेनापती आणि रेशमी अंगरख्यात थिओदोरितोस साहेब. आंथूसा सरळ साहेबांच्या वाटेत उभी राहिली.

“ख्रिस्त उठला!” तिने ईस्टरचा नमस्कार घातला.

“खरंच उठला!” सगळे म्हणाले. साहेबांनाही म्हणावंच लागलं.

“मग द्या टक्कर, साहेब! हे अंडं तुमच्याच बुरुजावर फोडा. शकुनाचं!”

ईस्टरच्या आठवड्यात पुढे केलेलं अंडं नाकारायचं कसं? साहेबांना घाम फुटला. “अं... अंगरख्याला डाग पडेल.”

“उकडलेलं आहे, साहेब!” निकिफोरोस गर्दीतून ओरडला आणि हशा पिकला.

“आण इकडे!” सेनापतींना धीर कुठला! त्यांनी अंडं घेऊन दणकन आपटलं. फरशीएवढा गिलावा कोसळला आणि मातीचा लोंढा त्यांच्या बुटांवर आला. अंड्याला चीरसुद्धा नव्हती.

मग कौतुकाला ऊत आला. “शाबास! नगरीची लेक शोभतेस!” सेनापतींनी तिची पाठ थोपटली, बिशपनी आशीर्वाद दिला, तिघांना मधातल्या वड्यांची टोपली मिळाली. थिओदोरितोस साहेबांना त्या कामावरून तडकाफडकी काढलं आणि पुढच्या बुरुजाच्या कामावर नेमलं. शेवटी ते मोठ्या घरचे जावई, त्यांना रिकामं कसं बसवणार?

“आजोबा, इथे दगड कधी लावणार?” आंथूसाने विचारलं.

“लावू की. आले की लावू.”

“कधी येतील?”

सेनापती आजोबांना तेवढ्यात कुणीतरी बोलावलं, असं ते म्हणाले. तिला तर कुणाचीही हाक ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा बाबा भाला घेऊन पायऱ्या चढत होते. ती त्यांच्या हाताला लोंबकळली. “बाबा, तुम्ही दुसऱ्या बुरुजावर जा ना! सांगा ना त्यांना!”

“आणि इथे कुणाच्या बाबाला उभं करू?” त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ते वर गेले.

खाली दोन कामगार माती थापून गिलावा करत होते. सुलतानाचे वकील त्या वाटेने यायचे होते. त्यांना खिंडार दिसता कामा नये, असा सेनापतींचा हुकूम होता. एकाच्या हातात लाल रंगाचं मडकं होतं.

“अरे, तूच ना ती हुशार पोरगी?” तो कौतुकाने हसला. “शाबास हं! जरा मागे जाऊन बघ बरं, विटांचा पट्टा सरळ आलाय का?”

आंथूसा मागे सरकली. वर बाबा उभे होते. खाली पट्टा अगदी सरळ आला होता.