मागच्या खोलीची जाळी

शाळेच्या बसची सकाळची फेरी संपवून नोरीन घरी आली, तर डॅडची उशी पुन्हा बाथटबमध्ये पडलेली. तिने ती उचलली, झटकली आणि मागच्या खोलीत जाऊन पलंगावर आपटली.

"मान धरते म्हणून ही उशी आणली ना मी? टबात बुडवायला आणली नव्हती."

"मला उशी नको," डॅड म्हणाले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, अंगात नुसतं बनियन, गळ्यावर घामाचे ओघळ. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑगस्टमधलं वाळवंटी मेसा शहर, बाहेर पारा एकशे पंधरा फॅरनहाइटच्या वर. बसच्या स्टिअरिंगने तळहात भाजून आलेली नोरीन आधीच धुमसत होती. सगळं घर गार आणि ही एकच खोली तापलेली. याच खोलीवरून तिचा धाकटा भाऊ रस तिला कोंडीत पकडत होता. रस म्हणजे महिन्याकाठी एकदा चर्चमधून परस्पर येणार, कॉफी पिणार आणि अक्कल शिकवून जाणार. मागच्या खेपेला मान पुसत तो म्हणाला होता, "ही खोली आहे की भट्टी? वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय मी. रविवारी येईन. तोवर काही केलं नाहीस, तर डॅडना हलवायचं आणि हे घर विकून तिथला खर्च भागवायचा."

या घरात आपल्याला शेवटपर्यंत जो सांभाळेल त्याचं हे घर, असा डॅडचा शब्द होता. त्या शब्दावर नोरीनने बारा वर्षं काढली होती. डायपर बदलले, रुसवे काढले, कंटाळून निघालेल्या नवऱ्यालाही जाऊ दिलं. आणि आता हा कॉफीपुरता पाहुणा तिला रस्त्यावर आणणार होता! संतापाने तिच्या कानशिलांत ठणके बसत होते.

तिने त्याच दुपारी एसीवाल्या बेनी ओचोआला बोलावलं. तो छपराखालच्या माळ्यावर चढला आणि घामाने निथळत खाली आला.

"बाई, तुम्ही एसी लावून छप्पर गार करताय," तो म्हणाला. "हवेच्या नळ्यांचे सांधे सगळे सुटलेत. कुणा शहाण्याने डक्ट टेप गुंडाळलीय. माळ्यावरच्या उष्णतेत ती कधी टिकते का? खपल्या होऊन गळून पडलीय."

"तो शहाणा मी," मागच्या खोलीतून आवाज आला.

बेनी ओशाळला. मग हळूच म्हणाला, "आणखी एक. त्यांच्या खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीवर पुठ्ठा चिकटवलाय. थोडीफार हवा येत असेल, तीही बंद."

नोरीन तरातरा आत गेली. पलंगावरच्या भिंतीतली जाळी तिने आजवर नीट पाहिलीच नव्हती. तिच्यावर खरोखरच पुठ्ठा होता, चारी बाजूंनी घट्ट चिकटवलेला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"उकडून मरायचंय का?"

डॅड जाळीकडे बघत राहिले. "तू बोलतेस त्यातून."

"मी? काय बोलते?"

"नीट कळत नाही. अर्धंअधिक वरच कुठेतरी विरतं. पण आवाज तुझाच असतो. रागावलेला."

मग मात्र नोरीनचा तोल सुटला. "दिवसभर पोरांचा कलकलाट सोसते, घरी येऊन तुमचं करते, आणि तोंडातून ब्र काढत नाही! सगळं गिळते मी, सगळं! आणि वर मीच तुम्हाला शिव्या देते म्हणून सांगा. रससमोर सांगा, म्हणजे तो खूश होईल."

"होतं असं, बाई," बेनी दारातून समजुतीने म्हणाला. "फुटक्या नळ्यांतून आवाज फिरतो. स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा बेडरूममध्ये वाजतात."

नोरीनने पुठ्ठा खस्सकन ओढून काढला.

बेनीने नळ्यांचा सांधा न् सांधा ब्रशने लिंपला. लेप करडा होता, ओल्या लुकणासारखा. तो वाळल्यावर सगळ्या जाळ्या झाकून त्याने नळ्यांत धूर सोडला आणि नोरीनला शिडीवर चढवून दाखवलं. माळ्यावर धुराची एक रेघही दिसली नाही.

"आता वाटेत फुंकरभरही सांडणार नाही," तो अभिमानाने म्हणाला. "निघेल ते सगळं त्या खोलीत पोचेल."

शनिवारी मागची खोली इतकी गार झाली की डॅडना स्वेटर घालावा लागला. नोरीनला वाटलं, निदान आता तरी म्हातारा दोन शब्द बरे बोलेल. पण डॅडनी तिने भाजलेल्या मक्याच्या पावालाही हात लावला नाही. उशीही पलंगावर नव्हती.

"आता कुठे टाकलीत?"

डॅडनी जाळीकडे नजर टाकली.

"आता तर आवाज नाही ना येत?"

"आता सगळं येतं," डॅड म्हणाले. "एकूण एक शब्द."

"काय येतं? बोला ना!"

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ते घाबरले होते. तिला त्याचाही रागच आला.

रविवारी रस आला. खोलीत शिरला, वर-खाली बघितलं, स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. घाम नव्हता. नोरीन दारात हाताची घडी घालून उभी होती. गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

"बरं केलंस," रस नाइलाजाने म्हणाला.

"रस," डॅड म्हणाले, "मला घेऊन चल. आत्ता."

नोरीनला आधी वाटलं, ते दुसऱ्या कुणाविषयी बोलताहेत.

"आज रविवार, ऑफिस बंद असतं तिथलं," रस म्हणाला. त्याचा चेहरा लगेच खुलला होता. "उद्या सकाळी येतो. उद्या नक्की, डॅड."

"आज," डॅड म्हणाले. पण रस निघालाच होता. गाडीपाशी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं दिसलं, म्हणून तो डोकावला आणि आतली उशी काढून त्याने नोरीनच्या हातात दिली. "चांगली उशी फेकून देतेस? कमाल आहे तुझी."

त्याची गाडी गेली. बारा वर्षं, आणि उद्या सकाळी सगळं मातीत. उशीत नखं रुतवत नोरीन मागच्या खोलीकडे निघाली. आज ती गिळणार नव्हती. म्हाताऱ्याच्या तोंडावर एकेक गोष्ट फेकणार होती.

ती दारात पोचली तेव्हा एसी थांबलेला होता. जाळीतून वारा येत नव्हता.

आवाज येत होता.

तिचाच आवाज होता. स्वच्छ, अगदी जवळून. त्यात राग मुळीच नव्हता. आजारी पोराला थोपटताना बोलावं, तसा तो बोलत होता.

"डोकं जरा उचला, डॅड. हं, असं. आता थोडाच वेळ."

नोरीनने ओठांवर बोटं ठेवून पाहिली. ओठ मिटलेले होते.

डॅड भिंतीला चिकटून बसले होते. ते जाळीकडे बघत नव्हते, तिच्या हातातल्या उशीकडे बघत होते.

"रोज हेच म्हणतं," ते पुटपुटले. "आधी अर्धंच ऐकू यायचं, तेव्हा रागातलं वाटायचं."

जाळी गप्प झाली.

नोरीन पलंगापाशी आली. काय काय सुनवायचं होतं ते तिने आठवून पाहिलं, पण काही आठवेना. कानशिलांतले ठणके थांबले होते. खोलीत छान गारवा होता. तिला आता कुणाचाच राग येत नव्हता.

"डोकं जरा उचला, डॅड," ती म्हणाली.