खंडेनवमीला रुसलेल्या डिस्क

तीन डिस्क. एक भिजून मेली, दुसरीला संगणक आत घेईना. उरली एक. तरी तिन्हींवरचं सगळं परत मिळवायचंय. सांगा बरं, कसं?

सहावीतल्या इरावतीला हे कोडं पडलं ते तिच्याच उपद्व्यापामुळे. खंडेनवमीला घरोघरी अवजारांची पूजा होते, मग संगणकानेच काय घोडं मारलंय, असं म्हणत बाईसाहेबांनी चालू संगणकातून एकामागून एक दोन डिस्क उपसल्या आणि पाटावर मांडल्या. पहिलीला हळदकुंकू वाहिलं, वर पळीभर पाणीही घातलं!

त्या डिस्कांवर आईचे दोनशे चौदा निरोप होते. आई वर्षभरासाठी चंद्रावरच्या तळावर गेली होती. तिथे जागा अपुरी, म्हणून पाठवलेला निरोप लगेच पुसला जाई. म्हणजे इथले गेले की कायमचेच. इरावतीला रडू कोसळलं.

“नव्याने जुळणी करू? एका मिनिटात होईल,” ठोकळा म्हणाला. घरातला हा यंत्रमानव भारी उतावळा.

“खबरदार!” दाजीआजोबा कडाडले. त्यांची हयात संगणकशास्त्रात गेली होती. “आहे तेही पुसून बसशील. आधी फक्त वाचायचं, लिहायचं काही नाही.”

मग ते नातीजवळ बसले. “डोळे पूस आणि पाटी घे. पहिल्या डिस्कवर सात, दुसरीवर पाच. तिसरीवर त्यांचा ताळा (हरवलेलं शोधायला ठेवलेली जादा संख्या), म्हणजे बेरीज बारा. आता सात पुसून टाक.”

इरावतीने सात पुसले. “बारातून पाच गेले... अय्या, सात! आले की परत!”

“संगणकाची बेरीज जरा वेगळी असते, पण युक्ती हीच.”

“पण आपल्या तर दोन गेल्यात ना, आजोबा?”

“दुसरी गेली नाही गं, मागे पडलीय.”

आजोबांनी लिनक्सकडून (संगणक चालवणारी, सर्वांना खुली प्रणाली) दोन्ही डिस्कांचे नोंदक्रमांक मागवले. तिसरीचा ४८१२, दुसरीचा ४८१०. “डिस्कवर काही बदललं की हा आकडा वाढतो. तू दुसरी काढलीस आणि तिसरी दोन नोंदी पुढे गेली. क्रमांक जुळत नाहीत म्हणून लिनक्स अडून बसलंय. आपण म्हणू, घे बाबा, जबाबदारी आमची.”

“त्या दोन नोंदींत निरोप असला तर?”

“असला तर गेला,” आजोबा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी आज्ञा दिली.

पडद्यावर यादी उमटली. इरावतीने बोट ठेवून मोजलं. दोनशे चौदा! तिने आजोबांना घट्ट मिठी मारली. आधी सगळ्याची वेगळी प्रत काढली, मगच नवी डिस्क बसवली. ठोकळ्यालाही थांबायला लावलं.

संध्याकाळी तिने आईला सगळं कबूल करून टाकलं. दोनशे पंधरावा निरोप आला तो हसतच. “वेडाबाई, आल्यावर मी सगळं पुन्हा सांगितलं असतं की!”

“सांगशीलच,” इरावतीने उलट निरोप धाडला, “पण पहिल्या दिवशी तू बोलता बोलता रडली होतीस, ते तू मला कधीच सांगितलं नसतंस.”