प्रत माहितीसाठी

माणसाला आवराआवरीची हौस असावी, पण समुद्र आवरायला जाऊ नये. त्या सकाळी ती जागेच्या तपासणीला पोचली, तेव्हा एक उंच माणूस पँटचे पाय दुमडून, हातात लांब दांड्याचं दाताळं घेऊन अख्खा किनारा झाडत होता. शेवाळ, काटक्या, फुटके शिंपले, कुठून कुठून वाहत आलेल्या बिया... सगळं ओढून त्याने पोत्यांत भरलं होतं. सहा पोती कोपऱ्यात रांगेने उभी होती आणि वाळू इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती.

"थांबा, थांबा," ती धावतच म्हणाली. "हे काय करताय?"

"साफसफाई." त्याने बाहीने कपाळ पुसलं. "आज तपासणीला साहेब यायचेत. म्हटलं, जागा जरा नीटनेटकी दिसू दे."

"साहेब आलेत," ती म्हणाली. "मीच."

त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, गळ्यात मोजायची टेप, काखेत फाईल. मग त्याची नजर पोत्यांकडे गेली, आणि आपण काहीतरी घोळ घातलाय एवढं त्याला कळलं. कसला घोळ, ते तिने समजावून सांगितलं. भरतीचं पाणी जिथवर चढतं, तिथे जाता जाता शेवाळाची आणि कचऱ्याची एक रेघ सोडून जातं. ती रेघ म्हणजे समुद्राची सही. किनाऱ्यावर नवं घर बांधायचं, तर आधी ती सही कुठे आहे ते पाहायचं, मोजायचं, फोटो काढायचा, आणि मगच घर कुठवर येऊ शकतं ते ठरवायचं. आणि या गृहस्थाने तीच सही झाडून पोत्यात भरली होती.

"मग आता?"

"आता अमावास्येच्या उधाणाची वाट बघायची. पंधरा दिवस."

"म्हणजे तुम्हाला परत यावं लागणार..." त्याने चेहरा दुःखी करायचा प्रयत्न केला. तो त्याला अजिबात जमला नाही.

तो सुतार होता. होड्या दुरुस्त करायचा, दारं-खिडक्या करायचा. जागा त्याची नव्हती, त्याला लहानाचं मोठं केलेल्या आत्याची होती. अर्जदार म्हणून सहीही तिचीच. आत्याने धक्क्यावरच्या तिकीटघरात तीस वर्षं बोटीची तिकिटं फाडली होती. खिडकी रांगेकडे, समुद्र पाठीमागे. तीस वर्षं तिने लोकांना समुद्रावर पाठवलं आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसली. निवृत्त झाल्यावर तिने ही जागा घेतली आणि भाच्याला सांगितलं, घर कसलंही बांध, मला फक्त समुद्राकडे तोंड करून बसायचंय. भाच्याने आधी काय केलं असेल, तर खिडकी. सात फूट रुंद, पॉलिश मारून तयार. घराला परवानगी नाही, पायाचा दगड नाही, आणि खिडकी भिंतीची वाट बघत उभी. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

हे सगळं त्याने तिला न विचारताच सांगितलं, आणि सांगता सांगता थर्मासमधून चहा ओतून पुढे केला. तिने आपल्या पिशवीतून आपला थर्मास काढला.

"अर्जदाराकडून आम्ही पाणीसुद्धा घेत नाही."

"आणि अर्जदाराच्या भाच्याकडून?"

"भाच्याकडून तर मुळीच नाही."

कचेरीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तिच्या तोंडावर नव्हे, पण तिला माहीत होतं, आणि वाईटही वाटत नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना मामाच्या घराच्या तपासणीला एक साहेब आले होते. घर अगदी पाण्यालगत उठायचं होतं. साहेबांना चहा तिनेच नेऊन दिला होता. त्यांनी बशीत ओतून दोनदा घेतला, किनाऱ्याकडे न जाता कागदावर सही केली आणि पोरीचं कौतुक करून निघून गेले. तिसऱ्या वर्षी समुद्र मामाच्या घरात शिरला. मामा पुन्हा कधी घर बांधू शकला नाही. तेव्हापासून चहाचा तो कप तिच्या डोक्यात बसला होता, आणि नोकरीच्या दहा वर्षांत तिने कोणाच्या घरचा घोटही घेतला नव्हता.

अमावास्येला ती गेली, तेव्हा आभाळ भरून आलं होतं. आत्या आधीच येऊन बसली होती. जिथे खिडकी यायची, बरोबर तिथे वाळूत खुर्ची टाकून, समुद्राकडे तोंड करून. "ये गं," ती म्हणाली. "चहा विचारत नाही. तू घेत नाहीस ते कळलंय मला. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही."

सुतार घाईघाईने मागे वळून वाळूत काहीतरी शोधायला लागला.

भरती बाराच्या सुमाराला पूर्ण चढणार होती. भुरभुर सुरू झाली तशी त्याने छत्री उघडली आणि तिच्या वहीवर धरली. फक्त वहीवर. "वही भिजायला नको," तो म्हणाला. "वहीवर छत्री धरलेली चालते ना नियमात?"

तिने क्षणभर खरंच विचार केला. "वहीवर... चालते."

वही कोरडी राहिली. त्याचे दोन्ही खांदे भिजून गेले आणि तिचा एक. पुढचा एक तास तिने लाटा मोजल्या असं वहीत लिहिलेलं आहे. पण त्यातल्या निम्म्या लाटांच्या वेळी ती त्याच्या मनगटाकडे बघत होती. मनगटाला लाकडाचा भुसा चिकटला होता आणि पावसातही तो निघत नव्हता.

पाणी चढत आलं. ती खुंट्या ठोकत मागे मागे सरकत होती. पाणी खुर्चीपाशी पोचलं, खुर्चीच्या पायांभोवती फिरलं, आणि आणखी चार हात पुढे गेलं. आत्याने पाय वर घेतले, पण उठली नाही.

"आलं की हे घरात," ती हळूच म्हणाली.

तिघांनाही कळलं होतं. घर मागे सरकवावं, तर मागे वाळूची टेकडी. तिच्यावर मर्यादवेलीची जाळी पसरलेली. तीच वेल वाळू धरून ठेवते, तिला हात लावायचा नाही. आणि टेकडीच्याही मागे घर नेलं, तर खिडकीतून वाळू दिसणार, समुद्र नाही. आत्याची तीस वर्षांची पाठ तशीच राहणार.

परत आल्यावर ती अहवाल लिहायला बसली. सवयीने दोन तासांत व्हायचं काम, चार दिवस झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण अहवालात 'जागा फार सुंदर आहे' असं लिहिलंय. दहा वर्षांत तिने कुठल्याही जागेला सुंदर म्हटलं नव्हतं. ती परवानगी द्यायला कारण शोधत होती. आणि ते कळल्यावर घाबरून, उगीच जास्त कडक व्हायलाही लागली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. होय लिहिलं, तर ती त्या बशीतल्या चहावाल्या साहेबांसारखी होणार. नाही लिहिलं, तर ते नाही जागेसाठी आहे की स्वतःचा टेंभा मिरवण्यासाठी, हे तिचं तिलाच सांगता येणार नव्हतं. मोजमाप खरं होतं. मोजणारीचा भरवसा राहिला नव्हता.

ती कचेरीतल्या आपल्या वरच्या साहेबांकडे गेली आणि म्हणाली, ही फाईल माझ्याकडून काढा. त्यासाठी एक छापील अर्ज असतो. तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'अर्जदाराच्या भाच्याविषयी मनात ओढ निर्माण झाली असल्याने निःपक्षपाती अहवाल देणे मला शक्य नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "नुसतं 'वैयक्तिक कारण' लिहिलं असतं तरी चाललं असतं हो."

"रकान्यात 'कारण स्पष्ट लिहावे' असं छापलंय, साहेब."

फाईल गेली तिच्या सहकाऱ्याकडे, ज्याला सगळी कचेरी नकारघंटा म्हणते. त्याच्या टेबलावरून मंजूर होऊन गेलेला कागद कोणी पाहिला नव्हता. ती त्या संध्याकाळी घरी गेली आणि जेवली नाही. खरेपणाने वागून आपणच ती खिडकी बंद केली, असं तिला वाटत राहिलं.

आणि एक गोष्ट ती विसरली होती. त्या अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं: 'प्रत माहितीसाठी : अर्जदार.'

चौथ्या दिवशी सुतार कचेरीत आला. बाहेरच्या बाकावर बसला होता, खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता. तिने तो शिक्का लांबूनच ओळखला आणि तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पोस्टमनने पत्र आत्याच्या हातात दिलं होतं. आत्याने ते मोठ्याने वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं, सावकाश. मग भाच्याला म्हणाली, अंघोळ कर आणि जा.

"हे... तुम्ही लिहिलंय?"

"सही माझीच आहे."

"ओढ म्हणजे..."

"स्पष्ट लिहिलंय त्यात." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत सांगितलं.

त्याने कागदाची घडी नीट घालून खिशात ठेवली. मग एकदम म्हणाला, "आत्याला एक सुचलंय. तिचं तिकीटघर चार खांबांवर होतं. सात पायऱ्या चढून जायची ती. तीस वर्षांत कितीदा उधाण आलं, पण तिकीट एक भिजलं नाही. टेकडीच्या मागे, खांबांवर घर उचललं तर..."

तिने कानांवर हात ठेवले. "मला नका सांगू हे."

"तुमच्याकडे फाईल नाही, म्हणून तर सांगतोय. तुम्हाला आनंद व्हावा म्हणून. परवानगीसाठी नाही." तो उठला, घुटमळला. "आणि या पत्राचं उत्तर..."

"नको. आत्ता नको. निर्णय लागेपर्यंत एक शब्दही नको. उद्या कोणी म्हणेल, हिने मुद्दाम..."

"आणि निर्णय 'नाही' लागला तर?"

तिच्या मनात हेच टोचत होतं. शेवटी तिने विचारून टाकलं. "तेव्हा... तुम्हाला मला उत्तर द्यावंसं वाटेल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "आत्ता उत्तर नको म्हणालात ना," तो म्हणाला, आणि निघून गेला.

दोन महिने ती त्या रस्त्याने फिरकली नाही. नकारघंटा तिथे तीनदा जाऊन आला, हे तिला त्याच्या बुटांवरच्या वाळूवरून कळायचं. तो काही सांगत नव्हता, ती विचारत नव्हती. एका दुपारी त्याने एक कागद तिच्या टेबलावर ठेवला. मंजूर. अकरा अटींसह.

"नाकारायला जागाच ठेवली नाही त्या सुताराने," तो खट्टू होऊन म्हणाला. "टेकडी तशीच, वेल तशीच, घर खांबांवर. आणि तुमच्या खुंट्या मी परत मोजल्या. इंचभर चूक नाही." तिचा जीव भांड्यात पडला. तिने त्याचे आभार मानले. त्याला आभार मानून घ्यायची सवय नसल्याने तो चटकन निघून गेला.

मग आठ दिवस झाले, दहा झाले, पत्र नाही की निरोप नाही. घर मिळालं, आता फूटपट्टीची काय गरज, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तेराव्या दिवशी आत्याचा निरोप आला, दोनच शब्दांचा. खिडकी बसली.

ती गेली. टेकडीमागे खांब उभे होते, त्यांवर फळ्यांची जमीन. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. फक्त समुद्राच्या बाजूला ती सात फुटी खिडकी एकटीच उभी होती आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून आत्या बसली होती. टेकडीवरून, वेलीवरून, थेट पाण्यापर्यंत सगळं दिसत होतं. पायऱ्या सात होत्या. तिने चढताना मोजल्या.

"मी वळणार नाही गं," आत्या पुढेच बघत म्हणाली. "तीस वर्षांनी तोंड इकडे झालंय. तुमचं काय ते चालू द्या."

सुताराने खिशातून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. बंद पाकीट, रजिस्टर केलेलं. पाठवणारा तोच आणि पत्ताही त्याचाच.

"हे तुम्ही स्वतःला पाठवलंय?"

"शिक्का बघा."

तिने शिक्का पाहिला. अडीच महिन्यांपूर्वीची तारीख होती. तो कचेरीत आला होता, त्याच दिवसाची.

"तुमच्याकडून निघालो तो थेट पोस्टात गेलो," तो म्हणाला. "निर्णय लागायच्या आधीचं उत्तर आहे. तुम्हाला पुरावा लागतो ना... या वेळी झाडून टाकला नाही मी. खिडकी बसली की इथेच द्यायचं ठरवलं होतं."

तिने पाकीट उघडलं. आत सुतारी पेन्सिलने लिहिलेल्या चार ओळी होत्या.

'आपले पत्र मिळाले. किनारा झाडला त्या दिवसापासून इकडेही तीच स्थिती असल्याचे कळवतो. घर होवो न होवो, उत्तर हेच आहे. अटी नाहीत. प्रत माहितीसाठी : आत्या.'

तिला अक्षरं नीट दिसेनात. तिने पाकिटावरची तारीख पुन्हा एकदा अंगठ्याने चाचपून पाहिली, खरी आहे ना म्हणून. मग हसायला लागली, रडतारडताच.

तो थर्मास घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. कपात ओतलेला चहा त्याने पुढे केला, पण पहिल्या दिवसासारख्या आत्मविश्वासाने नाही. "अर्जदाराच्या भाच्याकडून... चालेल?"

तिने दोन्ही हातांनी कप घेतला. दहा वर्षांत दुसऱ्याच्या घरचा तिचा पहिला घोट. चहात साखर जास्त होती. तिने तो सगळा प्यायला आणि दुसऱ्यांदा कप पुढे केला.

खिडकीपाशी खुर्ची करकरली. आत्या खुर्चीसकट वळली होती, समुद्राकडे पाठ करून, आरामात हातावर हात ठेवून.

"अगं आत्या," सुतार म्हणाला, "समुद्र तिकडे आहे."

"असू दे," आत्या म्हणाली. "तो उद्याही आहे."