बटण दाबलेलं राहिलं

संदेशच्या मळवलीच्या बंगल्यावर मी गेले ती माझी दुरुस्तीची हत्यारं आणायला. बंगला विकला गेला होता आणि संदेशनं मोबाइलवर निरोप पाठवला होता: तुझं सामान शेडमध्ये आहे, या आठवड्यात घेऊन जा. कशी आहेस वगैरे काही नाही. मलाही त्याच्याकडून गोडीगुलाबीची अपेक्षा नव्हती. जिच्या हलगर्जीपणामुळे आपला पाय कायमचा अधू झाला, तिची कोण विचारपूस करतो?

हो, सगळे असंच म्हणायचे. मी छोट्या विमानांचे रेडिओ दुरुस्त करते... म्हणजे करायचे. संदेश आणि प्रज्ञेश या दोघा मित्रांनी मिळून एक जुनं विमान घेतलं होतं. संदेश प्लॉट विकायचा, प्रज्ञेश विमान चालवायचा, आणि प्रज्ञेशशी माझं लग्न ठरलं होतं. गेल्या श्रावणात ते विमान ढगात शिरलं आणि औंढे गावाच्या वरच्या डोंगराला धडकलं. प्रज्ञेश गेला. संदेश वाचला. चौकशीत त्यानं सांगितलं की रेडिओ अचानक बंद पडला, खालून विमानतळावरचे लोक ढगांबद्दल काय सांगत होते ते आम्हाला कळलंच नाही. आणि तो रेडिओ आदल्याच दिवशी मी तपासून बसवला होता.

तेव्हापासून मी झोपेतसुद्धा त्याच्या वायरी चाचपत असायचे. कुठे चुकले? कुठली जोडणी सैल राहिली? प्रज्ञेश माझ्या हातून मेला की नाही, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. संदेशशिवाय ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो तर मेला होता.

बंगल्याची राखण करणाऱ्या भामाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पण नेहमीसारखा चहा काही विचारला नाही.

"ताई, लवकर आवरा बरं का. सकाळधरनं बत्ती न्हाई. आन् त्या शेडात मी काय तुमच्यासंगट यायची न्हाई."

"का हो मावशी?"

"आतनं कुनीतरी बोलतंय."

"उंदीर असतील."

"उंदीर मराठी बोलत्यात व्हय?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

शेड बंगल्याच्या मागे, भाताच्या खाचरांच्या कडेला आहे. दुपारच होती, पण धुकं इतकं खाली उतरलं होतं की पत्र्याच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं आणि समोरचा डोंगर पुसला गेला होता. दार ढकललं तर ओलीचा वास आला, आणि त्याच्या मागून विमानाच्या पेट्रोलचा. तिथे पेट्रोलचा डबा नव्हता हो. कितीतरी दिवसांत नव्हता.

टेबलावर माझा जमिनीवरचा रेडिओ तसाच होता. प्रज्ञेश वर असला की मी याच्यासमोरच बसून त्याच्याशी बोलायचे. हे रेडिओ मोठे हट्टी असतात. त्यांचा आवाज सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की तुटतो. म्हणून त्या दिवशी विमान डोंगरापलीकडे खाली उतरलं तेव्हा इथे मला किंवा विमानतळावर कुणाला काहीच ऐकू आलं नव्हतं. आता तर रेडिओची एरिअलची वायर कुणीतरी कापून नेली होती. बॅटरी फुगून फुटली होती.

मी पक्कड, सोल्डरिंगची पेटी पिशवीत भरत होते, तेव्हा मागे खरखर सुरू झाली.

वळून बघितलं. रेडिओचा छोटा दिवा लागला होता.

आधी इंजिनाची घरघर आली. मग तिच्यातून एक आवाज वर आला.

"...ढग फार आहेत रे."

प्रज्ञेश! मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. मला रडू आलं, आनंदाचं. मी माइक उचलला, बटण दाबलं आणि ओरडले, "प्रज्ञेश, वर घे! समोर डोंगर आहे, वर घे!"

तो बोलतच राहिला. इंजिनाची घरघरही थांबेना, आणि मग माझ्या ध्यानात आलं. बोलताना दाबायचं बटण विमानाच्या सुकाणूवरच असतं. ते दाबलं तर आवाज हवेत जातो, सोडलं तर विमानातल्या विमानात, एकमेकांच्या कानांपुरता राहतो. प्रज्ञेशचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. आपण फक्त संदेशशी बोलतोय असं त्याला वाटत होतं. आणि बोलणारा बटण सोडत नाही तोवर त्याला दुसऱ्याचं काहीही ऐकू येत नाही. मी कितीही ओरडले असते तरी...

"मघाशी विमानतळावरून म्हणाले, खाली उतरू नका," तो म्हणाला.

"मग प्लॉटचं शूटिंग काय ढगांतून करू?" हा संदेश. "रेडिओ बंद कर. नंतर म्हणू, बिघडला होता."

"अरे, कालच रुपालीनं तपासलाय. मस्त चाललाय."

"तेच तर. म्हणू, तिनं नीट बसवला नव्हता."

मी रेडिओच्या आणखी जवळ सरकले. आता प्रज्ञेश चिडेल, शिवी देईल, माझ्या बाजूनं एक तरी शब्द बोलेल... पण तो हसला. मला जे हसू इतकं आवडायचं, तेच.

"चालेल. तिचं मी बघतो. जरा लाडीगोडी लावली की गप्प बसते ती."

माझ्या हातून चूक झाली नव्हती. हे ऐकण्यासाठी मी वर्षभर तडफडले होते, आणि ते ऐकलं तेव्हा मी हातातला माइक टेबलावर ठेवून दिला. ज्याच्यासाठी मी स्वतःला खुनी समजत होते, त्यानंच मला हसत हसत विकून टाकलं होतं.

आता धडक ऐकू येणार म्हणून मी कान झाकले. धडक झाली नाही. इंजिन एकदम शांत झालं. प्रज्ञेश बोलला, पण आता अगदी हळू, तोंड माइकला लावल्यासारखा.

"संदेश... बटण अडकलंय रे."

"मग?"

"ती ऐकतेय. शेडमध्ये उभी आहे."

खट् असा आवाज झाला. दिवा विझला.

मी पिशवी तिथेच टाकून धुक्यात धावले. भामाबाईंनी हाक मारली, मी थांबले नाही. खाचराच्या बांधावर होते तेव्हा मोबाइल वाजला. संदेश. लोणावळ्यातून असेल, घरून. त्याला ठाऊकही नव्हतं की मी आजच इथे येणार आहे.

उचलला. तो दबक्या आवाजात बोलला. घाबरलेला वाटत नव्हता. रोजचं काहीतरी विचारावं तसा बोलला.

"रुपाली... प्रज्ञेश म्हणतोय, तू सगळं ऐकलंस. खरं का?"

प्रज्ञेशच्या एका शब्दासाठी मी वर्षभर उशी भिजवली होती, आणि तो तर बोलत होता. रोज बोलत होता, संदेशशी.