पंप कृष्णातकडे

कसबा बावड्याच्या चौकात फलक लागला, तेव्हा कृष्णातची निवड अजून व्हायचीच होती. फलकावर त्याचा गॉगल लावलेला फोटो, मागे बर्फाचे डोंगर, आणि खाली ठळक अक्षरांत 'हिमालय स्वारीस निघालेले आमचे लाडके कृष्णातदादा'. शुभेच्छुक म्हणून अख्खी गल्ली! दसऱ्यानंतर हिमाचलात आठ दिवसांचं सायकल शिबिर होतं. आपापलं सामान सायकलवर लादायचं आणि रोज एक लांबलचक चढ चढायचा. कोल्हापुरातून चौघे जाणार होते. त्यातली चौथी जागा कृष्णातला मिळणार की नाही, हे राजनंदिनी ठरवणार होती, आणि तिचा कृष्णातवर राग होता.

राजनंदिनी पेशानं फिजिओथेरपिस्ट आणि सायकल क्लबची म्होरकी. तिचा राग उगाच नव्हता. कृष्णात पन्नाशीचा गडी, दारात म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारा. अंगात ताकद भरपूर, पण ईर्षा त्याहून जास्त. पुढे सायकल दिसली की तिच्या पुढे गेल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. पन्हाळ्याच्या सरावाला तो असाच सुसाट वर गेला आणि झुणका-भाकरी खाऊन निवांत ढेकर देत बसला. खाली क्लबातल्याच पद्मजाबाईंच्या चाकातली हवा गेली होती, आणि चौघांत मिळून एकच पंप होता, तो कृष्णातच्या पिशवीत! बाई भर उन्हात सायकल ढकलत वर आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांच्या वतीनं राजनंदिनीच बोलली.

"काका, पंक्चर तुमच्याइतकं झटपट कुणाला काढता येत नाही, म्हणून पंप तुमच्याकडंच राहणार. पण ज्याच्याकडं पंप, तो सगळ्यांच्या शेवटी. पुढच्या सरावाला भुईबावड्याच्या घाटात बाई तुमच्या मागं दिसल्या, तर हिमालय विसरायचा."

कृष्णातनं मान डोलावली, पण घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. बायको संयोगितानं गल्लीभर पेढे वाटूनही टाकले होते. बर्फाला हात लावायची इच्छा त्यानं लहानपणापासून मनात बाळगली होती, आणि आता ती जागा राखायला शेवटी राहायचं! ह्यापेक्षा घाट दोनदा चढायला सांगितला असता तरी तो हसत चढला असता.

गणपती उठल्यावरच्या शनिवारी चौघं निघाले. पुढे राजनंदिनी, तिच्या मागे कृष्णातचा पुतण्या राजवीर, इंजिनिअरिंगला असलेला आणि चुलत्याचीच ईर्षा घेऊन जन्मलेला. मग भूगोल शिकवणाऱ्या पद्मजाबाई, आणि शेवटी पंपवाला कृष्णात. दिवेलागणीला गगनबावडा गाठून त्यांनी मुक्काम केला. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. करूळ घाटानं खाली वैभववाडीला उतरायचं आणि वळसा घेऊन भुईबावड्याच्या घाटानं पुन्हा वर यायचं, तेही पूर्ण सामानानिशी.

उतार मजेत गेला. वैभववाडीत त्यांनी घावणे आणि चटणी खाल्ली, पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या आणि भुईबावडा गाव मागे टाकून चढाला भिडले. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दाट झाडी, कड्यावरून पाण्याच्या धारा रस्त्यावर उतरलेल्या. रहदारी जवळजवळ नव्हतीच. राजनंदिनी आणि राजवीर पहिल्या काही वळणांतच दिसेनासे झाले. बाई मात्र एका संथ लयीत पायडल मारत होत्या. मध्येच थांबून दरीकडे बघायच्या, ह्या कड्याचा दगड लाव्हारसाचा आहे म्हणून सांगायच्या आणि पुन्हा निघायच्या. कृष्णातचे पाय नुसते शिवशिवत होते. एवढ्या हळू त्याची म्हैससुद्धा चालत नसे, पण तो बाईंच्या मागंच राहिला.

आणि नेमके त्याच वेळी मागून सांगलीचे सायकलवाले आले! सामान नाही, काही नाही, अंगावर रंगीत जर्सी. शेवटचा पोरगा कृष्णातच्या शेजारी येऊन हसला.

"काका, दमलासा काय?" विचारून तो पुढे सटकला.

कृष्णातच्या डोक्यात तिडीक गेली. कोल्हापूरच्या माणसाला सांगलीच्या पोरानं हे विचारावं! त्यानं गिअर बदलला, दात आवळले आणि बाईंना ओलांडून सायकल दामटली. एक वळण गेलं. दुसरं गेलं. पोरगा हाताच्या अंतरावर आला. सामानाच्या सायकलवर कृष्णातनं त्याला मागे टाकलं! पोरगा तोंड वासून बघतच राहिला.

कृष्णात मिशीत हसला. तेवढ्यात फ्रेमला बांधलेला पंप खडखडला आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं मागे पाहिलं. बाई दिसत नव्हत्या. दरीतून धुकं वर चढत होतं, आणि बघता बघता वळणही त्यात बुडालं. सांगलीची टोळी पुढे निघून गेली. कृष्णात थांबला. त्यानं हाक मारली, "बाई!" उत्तर आलं नाही.

घाम गाळून मिळवलेली उंची परत खाली सोडणं, सायकलवाल्याला याच्याइतकं दुःख दुसरं नाही. वर बहुतेक दोनच वळणं राहिली होती. तरी कृष्णातनं सायकल वळवली आणि ब्रेक धरत धुक्यात उतरू लागला.

बाई पहिल्याच वळणाच्या खाली होत्या. कठड्याला पाठ लावून उभ्या, दोन्ही हात छातीशी. त्यांची सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी पडली होती, आणि सायकलीच्या पलीकडे काहीतरी काळं, प्रचंड उभं होतं.

गवा!

त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. पांढऱ्या पायांनी तो रस्ता खरवडत होता. कृष्णातनं सायकल हळूच कठड्याला टेकवली आणि तो पाऊल न वाजवता बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. जन्म म्हशींत गेलेला माणूस! घशापर्यंत "हुर्र" आलं होतं. हात वर करून हाकलावा, असं एकदा मनात आलंही. पण ही दावणीची म्हैस नव्हती, आणि पळायला एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

कृष्णातनं बाईंचा हात घट्ट धरला आणि तो पुटपुटला, "हलू नगा. त्याला जायाचं हाय. जाऊ दे त्याला अगोदर."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. असं तो आयुष्यात कुणालाही म्हणाला नव्हता.

गव्यानं सायकल हुंगली. शिंगाचा एक धक्का! सायकल फरफटत कठड्यावर आदळली. बाईंनी डोळे मिटले. मग झाडीतून एक गाय बाहेर आली, तिच्या मागे तांबूस वासरू. ती दोघं सावकाश रस्ता ओलांडून गेली. गवा तरीही उभाच होता. वासरू पलीकडच्या झाडीत शिरलं, तेव्हा कुठं त्यानं मान वळवली आणि त्यांच्या मागोमाग तोही धुक्यात नाहीसा झाला. त्याच्या मागे कुणी राहिलं नव्हतं.

"तो शेवटी गेला," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना पुढं घालून."

कृष्णात त्या झाडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बाईंना पाणी दिलं आणि सायकल उचलली. पुढचं चाक सपाट झालं होतं, हँडल थोडं वाकलं होतं. त्यानं टायर उतरवला, ट्यूबला ठिगळ लावलं आणि पंप काढला. हवा भरता भरता तो म्हणाला, "मी मघाशी पुढं गेलतो, बाई. राजनंदिनी मॅडमला सांगा."

"परत आलात, तेही सांगेन," बाई म्हणाल्या.

उरलेला घाट ते दोघं गोगलगायीच्या गतीनं चढले. दर वळणावर बाई उतरून पुढच्या झाडीचा कानोसा घेत, मगच पुन्हा निघत. कृष्णातला मात्र आता घाई नव्हती. पायांना मिळालेली विश्रांती, कड्यावरून कोसळणारं पाणी, धुक्यातून मध्येच दिसणारं खालचं कोकण, सगळं त्याला आज पहिल्यांदा जाणवत होतं आणि फार आवडत होतं. वर माथ्यावर राजनंदिनी आणि राजवीर काळजीनं रस्त्यावरच उभे होते. ते दिसताच बाई बाजूला झाल्या आणि त्यांनी कृष्णातला पुढे जायची खूण केली. जीव वाचवला होता त्यानं, निदान माथ्यावर तरी आधी पोचावं!

कृष्णातनं पाय टेकला.

"तुम्ही व्हा फुडं."

"अहो, चला हो काका."

"न्हाय. ही जागा माझी हाय. कुणाला द्यायची न्हाय."

बाई हसल्या आणि पुढे झाल्या. त्या माथ्यावर पूर्ण थांबेपर्यंत कृष्णात खाली उभाच राहिला, आणि मग आला. बाईंनी सगळं सांगितलं, पुढे गेल्याचंही आणि परत आल्याचंही. राजनंदिनीनं वाकलेलं हँडल पाहिलं, ठिगळ लावलेलं चाक चाचपून पाहिलं आणि कृष्णातच्या पंपाचा पट्टा स्वतःच्या हातानं आवळून दिला. हिमालयातही पंप काकांकडेच राहील, एवढंच ती म्हणाली. कृष्णातनं तोंड फिरवून गमछ्यानं डोळे पुसले आणि धुक्याच्या नावानं खडे फोडले.

सोमवारी दुपारी तो बावड्याच्या चौकात शिरला, तेव्हा फलकाखाली मित्रमंडळी बसलीच होती. घाटात कितवा आला, हाच सगळ्यांचा पहिला प्रश्न होता. कृष्णातनं सायकल उभी केली, फलकावरच्या आपल्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"शेवटचा! आणि हिमालयात बी शेवटचाच येणार हाय!"