सहाव्या बाणातली चिठ्ठी

सदाशिव पेठेत चुकीच्या गल्लीत वळली म्हणूनच आम्रपालीला जयसिंगचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान दिसलं. काचेच्या पेटीतला तो नाजूक काटा पाहिला आणि काखेतल्या सहा बाणांसकट तिचे पाय तिथेच थबकले.

"सोन्याचे आहेत?" तिनं पुढे ठेवलेल्या बाणांकडे पाहत त्यानं विचारलं.

"ॲल्युमिनियमचे. सहाही एका वजनाचे करून हवेत. एक जरी जड निघाला, तर खाली जातो."

"बाणांचेही नखरेच!"

पण तो बसला. टोक जरासं घासायचं, पुन्हा तोलायचं... असे तीन शनिवार गेले. त्याचे मित्र हिंजवडीच्या बसमध्ये बसून कंपन्यांत जात, हा मात्र काटा हलू नये म्हणून त्यापुढे श्वास रोखून बसे. तो रोखलेला श्वास तिला आवडू लागला होता – पण सांगणार कुणाला?

रविवारी तिरंदाजीची निवड चाचणी. राज्याच्या संघात चारच मुली जाणार. पाच बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात रुतले. सहावा सुटला आणि... मासोळीसारखं शेपूट हलवत थेट पांढऱ्या कडेला! पुढच्या फेरीत पुन्हा तोच बाण, पुन्हा तसाच. जवळ राखीव बाण नव्हता. एका गुणानं ती चौथी आली, जेमतेम वाचली.

तिनं त्या बाणाचं मागचं, दोरीत अडकणाऱ्या खाचेचं बूच उपसलं. आतल्या पोकळीत गुंडाळलेला कागद! कम्प्युटर क्लासच्या हँडबिलामागे बारीक अक्षर – 'निवड झाली की ही चिठ्ठी कुठे लपवलीय ते सांगेन. मला तुम्ही फार आवडता.'



दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली तीच कडाडत. "माझ्या बाणात चिठ्ठी? निवड चाचणीला?"

जयसिंगचा चेहरा पांढराफटक. "पण वजन तेवढंच ठेवलं होतं हो! चिठ्ठीचं जेवढं, तेवढं टोक घासलं. मिलिग्रॅमचा फरक नाही!"

"वजन जुळवलंत. आणि तोल?"

तिनं त्याचं बोट धरलं, त्यावर एक बाण आडवा ठेवला. स्थिर. मग चिठ्ठी परत आत सारलेला सहावा, बोटावर तसाच मधोमध टेकवून. शेपूट झपकन खाली गेलं.

"मागे चिठ्ठी, पुढे टोक हलकं. डुलणार नाही तर काय?"

"निवड... गेली?"

"एका गुणानं वाचली."

त्यानं सहावा बाण ओढून घेतला. "काढून टाकतो. आत्ता."

"चिठ्ठी काढा म्हटलं का मी?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "टोक जड बसवा."

"मग हा बाकीच्यांपेक्षा जड होईल..."

"होईल ना." तिनं उरलेले पाच बाण त्याच्यापुढे सरकवले. "यांतही घाला. संच जुळायला हवा."

"पाच चिठ्ठ्या? काय लिहू?"

"तेच. अक्षर तेवढं बरं काढा."

त्यानं कागद काट्यावर ठेवला. आकडे काही केल्या स्थिर होईनात. श्वास रोखणं आज दोघांनाही जमत नव्हतं.