चेंडू हातातून सुटेपर्यंत

खेळावरून भांडायची सोय त्या काळात जवळजवळ उरली नव्हती. थोर फलंदाज कोण, वेगवान धावपटू कोण, असल्या प्रश्नांचे निकाल संगणकांनी लावून टाकले होते आणि चहाच्या टपऱ्यांवरची माणसं बिचारी हवापाण्यावर बोलत बसत. एकच वाद अजून तेवढाच तापत होता. व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात शेवटच्या क्षणाचा राजा कोण? सामना एका गुणावर अडकलाय, घड्याळात तीन सेकंद उरलेत, सगळं स्टेडियम उभं आहे. अशा वेळी चेंडू कोणाच्या हातात द्यायचा?

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत डॉ. स्पृहा चिटणवीस यांनी काही वर्षांपूर्वी याही वादाचा सोक्षमोक्ष लावायचं मनावर घेतलं होतं. जगभरच्या दिग्गजांतून गळता गळता दोनच नावं उरली होती. अमेरिकेचा डेरिक होल्ट आणि आपल्या नागपूर संघाचा कौस्तुभ उमाठे. दोघांनाही जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या सकाळी कौस्तुभची पत्नी गौतमी प्रयोगशाळेत आली, सोबत रोशन मेश्राम. ज्या अंतिम सामन्यानं कौस्तुभचं नाव झालं, त्यात शेवटचा पास रोशनचा होता. तेव्हापासून नागपुरातल्या यच्चयावत पोह्यांच्या ठेल्यांवर कौस्तुभची बाजू लढवणं हाच त्याचा उद्योग होता. होल्टचं नाव काढलं की हा माणूस पोह्यांवरची झणझणीत तर्री तशीच सोडून उठायचा.

"पण डॉक्टर, यात मोजाचं काय आहे?" त्यानं आल्या आल्या विचारलं. "त्यानं मारला, गेला, आपण जिंकलो. झालं न!"

"काका, एकदा गेला तो नशिबानंही जाऊ शकतो," स्पृहा हसून म्हणाली. "म्हणून आम्ही उजळणी करतो. तोच सामना, तेच तीन सेकंद संगणकात पुन्हा उभे करायचे. एकदा नाही, हजारो वेळा. निवांत सरावात शंभरातले किती चेंडू जाळीत जातात आणि जीव टांगणीला लागलेला असताना त्याहून किती जास्त जातात, तो फरक म्हणजे धीरांक. ज्याचा धीरांक मोठा, तो राजा."

"मग इतकी वर्षं काहून लागली?"

"सुरुवातीला आमचं हसंच झालं. आम्ही फक्त शरीरं उभी केली होती. सगळे खेळाडू दगडासारखे शांत, सगळ्यांचा धीरांक शून्य. भीतीच नाही, तर धीर कशाचा मोजणार? मग आम्ही मन उभं करायला शिकलो. जुन्या मुलाखती, वैद्यकीय तपासण्या आणि घरच्यांच्या आठवणी यांतून. काकूंनी इतकं भरभरून सांगितलं, की कौस्तुभसरांची उजळणी सगळ्यांत अस्सल झाली आहे."

"उपकार तुमचेच, बेटा," गौतमी म्हणाली. "लोक त्याचं नाव विसरून राहिले होते. तुम्ही घरी येऊन दोन दिवस त्याच्याबद्दल ऐकत बसलात. एवढं कोण करते?" हे ती मनापासून म्हणत होती. स्पृहासाठी तिनं डबाभर संत्राबर्फी आणली होती.

स्पृहानं पडदा सुरू केला. ऐन तिशीतला कौस्तुभ समोर उभा राहिला. त्यानं दंडाला घाम पुसला, रोशनचा पास झेलला, उडी मारली. चेंडू बोटांवरून सुटला आणि पडदा काळा झाला. लगेच पुन्हा घाम, पुन्हा पास, पुन्हा उडी.

"तोच आहे!" रोशन पडद्याजवळ सरकला. "वहिनी, खांदा पाहा कसा उडवते!"

"आणि सर सध्या पुढेही आहेत," स्पृहा म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मोजणी संपेल. असंच चाललं तर होल्टपेक्षा थोडा का होईना, धीरांक जास्त भरेल."

रोशननं टाळी वाजवली. गौतमी मात्र पडद्याकडंच पाहत होती.

"हे मध्येच काहून बंद होते?"

"चेंडू सुटल्यावर पुढं नुसतं गणित उरतं, काकू. कोन आणि वेग कळला की तो जाळीत जाणार की नाही हे सांगता येतं. खेळाडूला पुढं चालवायची गरज नसते. वीजही वाचते."

"त्याला माहीत आहे, हे खोटं आहे म्हणून?"

"नाही. माहीत झालं तर भीतीच जाईल. त्याच्यासाठी ती तीच संध्याकाळ आहे."

गौतमीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या संध्याकाळी त्यांची दिवस भरायच्या आधी जन्मलेली लेक दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि डॉक्टरांनी सकाळीच आशा सोडली होती. तीच लेक, रेवा, आता अमरावतीला शिकवत होती, तिला स्वतःची दोन मुलं होती.

"म्हणजे त्याच्यासाठी पोरगी अजून पेटीतच आहे?"

"हो, काकू."

"दर वेळी?"

"दर वेळी," स्पृहा हळूच म्हणाली. "तुम्ही सांगितल्यावर ते घातलं. त्यामुळंच आकडे इतके खरे आले."

"मग आता त्याला सांगा, पोरगी वाचली म्हणून. यापुढं एकदाही त्याला न सांगता उभा करू नका."

स्पृहा गडबडली. "काकू, भीती काढली तर धीरांक मोजताच येणार नाही. मोजणी अर्धवट राहील आणि मान होल्टला जाईल. कायमचा."

गौतमी रोशनकडं वळली. हा मान तिच्यापेक्षा त्याचा जास्त होता आणि ते तिला ठाऊक होतं. रोशननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझ्याकडं नका पाहू, वहिनी," तो म्हणाला. "होल्ट तर होल्ट. सांगा त्याले."

स्पृहानं माईक पुढं सरकवला. पडद्यावर कौस्तुभनं पास झेलला, आणि संघाच्या बाकाकडून त्याला आवाज आला.

"कौस्तुभ, मी गौतमी. आपली पोरगी वाचली. चांगली आहे ती."

कौस्तुभ वळला. उडी मारायचं राहूनच गेलं. चेंडू पोटाशी धरून तो भर मैदानात मटकन खाली बसला आणि रडता रडता हसायला लागला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. पडद्यावरचा तरुण रोशन धावत येऊन त्याला बिलगला.

"हरलो बे!" म्हातारा रोशन ओरडला आणि स्वतःच हसत डोळे पुसू लागला.

या वेळी स्पृहानं घाई केली नाही. बराच वेळ चालू देऊन मग तिनं हलकेच बटण दाबलं. गौतमीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"फार उपकार झाले, बेटा. तेव्हा ही बातमी त्याला दवाखान्यातल्या कोणीतरी दिली होती. मला द्यायची होती. आज दिली."

निघताना ती दारात थांबली.

"आणि हे आधी झाले ते कौस्तुभ? हजारो म्हणालात न?"

"ते संपले, काकू. चेंडू सुटला की संपतातच. त्यांना आता काही वाटत नाही."

"पोरगी जगली की गेली, हे कळायच्या आधीच संपले."

गौतमी रागावली नव्हती. तिनं स्पृहाच्या गालावरून हात फिरवला.

"तुमचं काय चुकलं, बेटा? पेटीची गोष्ट मीच तर सांगितली. तुम्ही त्याच्याबद्दल विचारलंत याचाच एवढा आनंद झाला होता, की मी काही म्हणून मागं ठेवलं नाही."